विद्युत्संचयाचें राज्य आणि आमचीं समाधानें

गेल्या हिवाळ्यांत एका जिल्ह्याच्या गांवीं चाललेल्या व्याख्यानमालेंत चीनच्या औद्योगिक उत्कर्षावर बोलण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला होता. बोलण्याचा भर बॅटरीच्या धंद्यावर होता. व्याख्यान संपल्यावर प्रश्नोत्तरें झालीं. एका वृद्ध वकिलांनीं विचारलें, "प्रोफेसरसाहेब, हें सर्व स्वस्त मजुरीचेंच फळ ना?" एका तरुण शिक्षकांनीं सांगितलें कीं, चीननें ही विद्या पाश्चात्त्यांकडून चोरली. तिसऱ्या गृहस्थांनीं तेथील भूमीच्या पोटांतील खनिजांकडे बोट दाखविलें, चवथ्यांनीं हुकूमशाहीकडे. शेवटीं एका सद्‌गृहस्थांनीं उठून, विद्युत्‌घट प्रथम सिद्ध केला तो आमच्या अगस्त्य ऋषींनीं, असें खणखणीत आवाजांत जाहीर केलें, तेव्हां त्या सायंकाळच्या सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या. घरीं परततांना मनांत आलें कीं, पांच माणसांनीं पांच निरनिराळीं कारणें सांगितलीं खरीं, परंतु पांचांचें कार्य एकच होतें: आपल्या हातून कांहीं व्हावयाचें राहिलें आहे ही टोंचणी मनास लागूं न देणें. तीं कारणें नव्हत, तीं समाधानें आहेत. त्या पांचांचाही क्रमानें समाचार घेण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनें सन २०२२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या वृत्तांताप्रमाणें जगांतील लिथियम-आयन बॅटऱ्यांपैकीं तीन चतुर्थांश चीनमध्यें तयार होत होत्या. धनाग्राचें द्रव्य तयार करण्याची जगाची शेंकडा ७० शक्ति व ऋणाग्राचें द्रव्य तयार करण्याची शेंकडा ८५ शक्ति त्या एका देशांत एकवटली होती. फूचिएन प्रांतांतील निंगडे या शहरीं सन २०११ मध्यें निघालेली सीएटीएल ही कंपनी सन २०१७ पासून मोटारींच्या बॅटऱ्यांत जगांत पहिली आहे, आणि अलीकडे नव्या विद्युत्‌-मोटारींत बसणाऱ्या एकंदर बॅटरीशक्तीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग ती एकटी पुरविते. एकोणिसाव्या शतकांत जें महत्त्व कोळशास व विसाव्यांत जें खनिज तेलास होतें, त्याचा मोठा वांटा या शतकांत विद्युत्संचयाकडे येत आहे. दिवसा मिळणारें ऊन रात्रीसाठीं राखून ठेवावयाचें तर बॅटरी हवी. शहरांतील धूर कमी करावयाचा तर बॅटरी हवी. खिशांतल्या फोनापासून रस्त्यावरच्या रिक्षेपर्यंत सर्वत्र तीच हवी. ज्याच्या हातीं ती, त्याच्या हातीं इतरांच्या गरजेची किल्ली. १ डिसेंबर २०२३ पासून चीननें ऋणाग्रास लागणाऱ्या ग्राफाइटच्या निर्यातीवर परवान्याचें बंधन घातलें, तेव्हां ही किल्ली कुलुपांत फिरूं शकते हें जगास दिसून आलें.

आतां पहिलें समाधान, चोरीचें. लिथियमच्या घटाचा शोध चीनमध्यें लागला नाहीं, ही गोष्ट खरी आहे. व्हिटिंगहॅम यांनीं एक्सॉन या तेलकंपनीच्या प्रयोगशाळेंत १९७० नंतरच्या दशकांत त्याचा पाया घातला. ऑक्सफर्ड येथें गुडइनफ यांनीं सन १९८० मध्यें कोबाल्टच्या ऑक्साइडचें धनाग्र सिद्ध केलें. जपानांत योशिनो यांनीं सन १९८५ मध्यें सुरक्षित घट बांधून दाखविला. सोनी कंपनीनें सन १९९१ मध्यें तो बाजारांत आणिला. या तिघांस सन २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. या नामावळींत एकही चिनी नांव नाहीं. परंतु यावरून चोरी सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें इतकेंच कीं, शोध लावणें हें एक काम आहे आणि शोध पचविणें हें दुसरें.

याचें उत्तम उदाहरण लोह-फॉस्फेटच्या घटाचें आहे. हा घट कोबाल्टवांचून होतो, स्वस्त पडतो, सहसा पेट घेत नाहीं. दोष इतकाच कीं, तितक्याच वजनांत तो थोडी कमी वीज सांठवितो. त्याचा मूळ निबंध टेक्सास विद्यापीठांतून सन १९९७ मध्यें प्रसिद्ध झाला, व त्याच्या तीन कर्त्यांचीं नांवें पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ अशीं आहेत. म्हणजे तिघांतील दोन नांवें आपल्याकडचीं! टाळ्या वाजविण्यास येथें खरोखर जागा होती. पण या दोन नांवांना आमच्या सभागृहांत कधीं टाळी पडल्याचें ऐकिवांत नाहीं. या घटास वजनाच्या दोषामुळें पाश्चात्त्य व कोरियन कारखानदारांनीं बाजूस सारलें. चिनी कारखान्यांनीं मात्र तो बसगाड्यांत घातला, सुधारला, पुन्हां घातला. त्याच्या पेटंटांच्या मालकांशीं, चीनमध्येंच बनवून चीनमध्येंच विकल्यास शुल्क नको, अशी तडजोड झाली होती. सन २०२० मध्यें बीवायडी कंपनीनें पात्याच्या आकाराचे लांबट घट पेटींत ओळीनें बसवून जागेचा बराच दोष भरून काढला. सन २०२४ पर्यंत जगांतील विद्युत्‌-मोटारींच्या बॅटऱ्यांपैकीं जवळजवळ निम्म्या या टाकून दिलेल्या जातीच्या होत्या.

दुसरें उदाहरण अमेरिकेचें. एम.आय.टी. येथील संशोधनांतून सन २००१ मध्यें ए-१२३ नांवाची बॅटरी-कंपनी निघाली. सन २००९ मध्यें अमेरिकन सरकारनें तिला सुमारें २५ कोटि डॉलरांचें अनुदान मंजूर केलें. परंतु तिला पुरेसे ग्राहक मिळाले नाहींत, सदोष घट परत घ्यावे लागले, आणि ऑक्टोबर २०१२ मध्यें तिचें दिवाळें वाजलें. तिच्या मालमत्तेचा मोठा भाग चीनच्या वानश्यांग कंपनीनें न्यायालयाच्या देखरेखीखालीं झालेल्या लिलावांत पैसे मोजून घेतला. नकलेचे आरोप चिनी कंपन्यांवर झाले आहेत, हें नाकारण्याचें कारण नाहीं; सान्यो व सोनी यांनीं बीवायडीवर पेटंटभंगाचे दावे लावले, व ते तिनें न्यायासनासमोर लढविले. पण ज्या वस्तूची मालकानेंच बोली लावली, ती विकत घेणारास चोर म्हणणें ही हरलेल्याची भाषा आहे.

दुसरें समाधान मजुरीचें. यांत आरंभापुरतें सत्य आहे. वांग च्वानफू या रसायनवेत्त्यानें सन १९९५ मध्यें शेंझेन येथें बीवायडी काढली तेव्हां जपानी स्वयंचलित यंत्रें घेण्यास त्याच्याजवळ पैसा नव्हता. त्यानें त्या यंत्राचें काम लहान लहान क्रियांत फोडलें आणि साध्या साच्यांच्या साह्यानें तें माणसांच्या हातून करवून घेतलें. येथें थांबून विचार करावा. हजार स्वस्त हात सर्वांजवळ असतात. एका यंत्राचें काम हजार हातांत कसें वांटावें हें ज्यास कळतें त्यास तें यंत्र आंतून कळलेलें असतें. पुढें त्याच कंपनीनें व सीएटीएलनें स्वयंचलित कारखाने उभारले. तेथें आज मजुरीचा भाग लहान आहे. आणि मजुरी हेंच कारण असतें तर हें राज्य एव्हाना आपल्याकडे यावयास हवें होतें, कारण आपली मजुरी चीनहून स्वस्त आहे. तें आलें नाहीं, यावरून काय तें वकीलसाहेबांनीं ठरवावें.

तिसरें समाधान खनिजांचें. ग्राफाइट चीनमध्यें विपुल आहे, हें मान्य. परंतु लिथियमचें खनिज जगांत सर्वांत अधिक निघतें तें ऑस्ट्रेलियांत. तेथून तें जहाजांत भरून चीनला जातें आणि तेथें शुद्ध होतें. कोबाल्टचा तर मोठा भाग काँगोंतून येतो. तेथील टेंके फुंगुरुमे ही मोठी खाण सन २०१६ मध्यें एका अमेरिकन कंपनीनें २६५ कोटि डॉलरांस विकावयास काढली व चिनी कंपनीनें ती घेतली. तात्पर्य, खाण ज्याच्या भूमींत आहे तो श्रीमंत होत नाहीं. मातीपासून क्षार व क्षारापासून शुद्ध द्रव्य ज्यास काढतां येतें तो श्रीमंत होतो. काँगोच्या दारिद्र्याहून याचा मोठा पुरावा कोणता हवा? आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्यें जम्मूंतील रियासी येथें ५९ लक्ष टन लिथियम-खनिजाचें अनुमान जाहीर झालें, तेव्हां जणुं कांहीं बॅटऱ्याच भूमींतून निघणार अशा आनंदानें वर्तमानपत्रें भरून गेलीं. तें अनुमान प्राथमिक होतें, आणि खनिज चिकणमातीच्या जातीचें. त्यांतून लिथियम परवडेल अशा रीतीनें काढण्याची विद्या आपणांजवळ आहे काय, हा प्रश्न आनंदाच्या भरांत कोणी विचारला नाहीं. तो लिलावाच्या वेळीं बोलीदारांनीं विचारला. पुरेसे बोलीदार न मिळाल्यानें लिलाव रद्द करावा लागला.

चवथें समाधान अधिक गंभीर, कारण त्यांत लोकशाहीविषयींचा छुपा अविश्वास आहे. हुकूमशहा आज्ञा करतो आणि कारखाने उभे राहतात, असें ज्यांस वाटतें त्यांनीं दोन गोष्टींचा विचार करावा. जगांत हुकूमशाह्या पुष्कळ आहेत. त्यांतील किती बॅटऱ्या करतात? उलट, चीनच्या पूर्वीं या धंद्यांत जें अग्रस्थान होतें तें जपान व दक्षिण कोरिया या निवडणुका घेणाऱ्या राष्ट्रांचें होतें, आणि आजही चीनखालोखाल त्यांचाच क्रम लागतो. चिनी राज्यकर्त्यांनीं केलें तें असें. सन १९८६ मध्यें चार शास्त्रज्ञांच्या पत्रावरून '८६३' या नांवाची संशोधन-योजना सुरू झाली. सन २००० नंतर तींत विद्युत्‌-मोटारीचें प्रकरण आलें, व तें चालविण्यास वान गांग हे जर्मनींत शिकून ऑडी कंपनींत काम केलेले इंजिनियर परत आले. पुढें सन २००७ पासून २०१८ पर्यंत तेच देशाचे विज्ञानमंत्री होते. सन २००९ मध्यें दहा शहरांत हजार हजार विद्युत्‌-गाड्या चालविण्याची योजना निघाली. मोटार घेणारास सरकारी अनुदान मिळूं लागलें, तें सन २०२२ अखेर बंद झालें. सन २०१७ अखेर शेंझेनमधील सोळा हजारांवर बसगाड्या विजेवर चालूं लागल्या होत्या. सन २०१५ ते २०१९ या काळांत मान्य बॅटरी-कारखान्यांची एक यादी होती. तींत कोरियन कारखाने नव्हते, म्हणून देशी कारखान्यांस चार वर्षें घरचें अंगण मोकळें मिळालें. हा पक्षपात होता, त्यास दुसरें नांव नाहीं. परंतु यादी रद्द झाली, स्पर्धा आली, आणि तोंपर्यंत तयार झालेले टिकले.

यांत आज्ञेहून सातत्याचा भाग मोठा आहे. बीवायडी व सीएटीएल या सरकारी कंपन्या नव्हत. त्यांच्यासारख्या अनेक कंपन्या एकमेकींच्या उरावर बसून लढल्या व कित्येक मेल्या. एकेकाळीं चीनमध्यें तिसऱ्या क्रमांकाची असलेली ऑप्टिमम नॅनो ही कंपनी सन २०१८ मध्यें कोसळली; सरकारनें तिच्यासाठीं धांवाधांव केली नाहीं. अनुदानांत लबाड्या झाल्या. सन २०१६ मध्यें न बनविलेल्या गाड्यांचें अनुदान उचलणाऱ्या कंपन्या तेथील अर्थखात्यानेंच उघड्या केल्या. मात्र लबाडी सांपडली म्हणून धोरण फिरविलें नाहीं. चौदा वर्षें एक दिशा धरण्यास हुकूमशहा लागत नाहीं. आपल्या शब्दाची लाज असणारें सरकार लागतें, व तें निवडून दिलेलेंही असूं शकतें. ज्यांना या उत्कर्षाचे डाग पहावयाचे असतील त्यांनीं ते अवश्य पहावेत: ग्राफाइटच्या धुळीनें काळवंडलेलीं ईशान्य चीनमधील खेडीं, काँगोच्या खाणींत हातानें माती उपसणारीं मुलें. हे डाग झांकणें अप्रामाणिकपणाचें आहे. पण त्यांच्यामुळें आपल्या आळसास पुण्याचा वर्ख लावतां येत नाहीं. कारण त्याच धुळीच्या बॅटऱ्या आपण विकत घेतच आहों.

आतां अगस्त्य ऋषि. ज्या श्लोकांच्या आधारें हा दावा केला जातो त्यांत मातीचें भांडें, तांब्याचा पत्रा, मोरचूद, ओला भुसा व पाऱ्यानें माखलेलें जस्त यांचें वर्णन आहे. रसायनशास्त्राचा कोणताही विद्यार्थी यांत डॅनियल यांनीं सन १८३६ मध्यें सिद्ध केलेला घट ओळखील. या श्लोकांची प्राचीनता कोणत्याही जुन्या हस्तलिखितावरून निर्विवाद सिद्ध झालेली नाहीं. पण वादाकरितां मानूं कीं, श्लोक खरे आहेत. मग त्याचा अर्थ काय होतो? ज्या समाजाजवळ घट होता त्यानें त्यापासून ना दिवा लाविला, ना तार पाठविली, ना दुसरा घट केला. शेंकडों वर्षें तो पोथींत बांधून ठेविला आणि परक्यांनीं तो पुन्हां शोधल्यावर पोथी सोडली. ही गोष्ट टाळीची कीं मान खालीं घालण्याची? अगस्त्यांचा अपमान आम्ही करीत नाहीं. ते समुद्र प्याले अशी कथा आहे. आमचा त्यांच्या वंशजांस प्रश्न आहे कीं, आपण ओंजळभर तरी प्यालों काय?

कोणी म्हणेल, पैसा ओतला कीं सर्व होतें. त्यास स्वीडनकडे पाहण्यास सांगावें. युरोपची आशा म्हणून नांवाजलेली नॉर्थव्होल्ट ही कंपनी अब्जावधि डॉलरांचें भांडवल मिळवूनही मार्च २०२५ मध्यें दिवाळखोरींत गेली, कारण ठरल्या वेळीं ठरल्या संख्येनें निर्दोष घट तिच्या कारखान्यांतून बाहेर पडेनात. घट करणें म्हणजे तांब्याच्या व ॲल्युमिनियमच्या केंसाहून पातळ पत्र्यावर काळ्या लेपाचा थर मैलोगणती सारख्या जाडीचा देणें, तो वाळविणें, हवेंतील ओल जवळजवळ नाहींशी केलेल्या खोलींत तो गुंडाळणें. आणि यांत धातूचा एक अदृश्य कणही राहूं न देणें, कारण तोच पुढें आग लावतो. ही विद्या निबंधांत सांपडत नाहीं. ती हजार चुकांनंतर मनुष्याच्या बोटांत व डोळ्यांत उतरते. सन २०१० च्या सुमारास किलोवॉट-तासामागें हजार डॉलरांहून अधिक असलेली बॅटरीची किंमत सन २०२४ मध्यें सरासरी ११५ डॉलरांवर आली, ती अशा उतरलेल्या विद्येमुळें. पुष्कळ केल्यानें स्वस्त होतें, व स्वस्त झाल्यानें पुष्कळ करतां येतें. या चक्रांत जो आधीं शिरला त्याच्या हातीं त्याची गति गेली.

आणि आपण? तामिळनाडूंतील कारैकुडी येथें विद्युत्‌-रसायनाच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेची कोनशिला पंडित नेहरूंनीं २५ जुलै १९४८ रोजीं बसविली. अळगप्पा चेट्टियार यांनीं तिच्यासाठीं तीनशें एकर जमीन व पंधरा लक्ष रुपये दिले. सोनीचा घट बाजारांत येण्याच्या त्रेचाळीस वर्षें आधींची ही गोष्ट आहे. आपल्या अवकाश-संस्थेनें उपग्रहांसाठीं लिथियमचे घट स्वतः बनविले, आणि सन २०१८ मध्यें ती विद्या एक कोटि रुपये शुल्कावर कोणाही योग्य कारखानदारास देऊं केली. मुंबईत एका साध्या घराच्या किंमतींत उपग्रहाची विद्या! सन २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास गिगावॉट-तासांच्या कारखान्यांसाठीं १८,१०० कोटि रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे संस्था होती, विद्या होती, पैसाही निघाला. आणि तरीही बाजारांत ज्यास आपण स्वदेशी बॅटरी म्हणतों त्या बहुतेक पेट्यांच्या पोटांत परदेशचे घट असतात. माझा एक हुशार विद्यार्थी अशा एका कारखान्यांत नोकरीस आहे. "सर, आम्ही बॅटरी बनवीत नाहीं, बॅटरीला डबा बनवितों," असें तो गेल्या दिवाळींत सांगत होता. तो हंसून बोलला; मला हंसूं आलें नाहीं.

आलें नाहीं, कारण त्यांत माझाही वांटा आहे. अठ्ठावीस वर्षें मीं रसायनशास्त्र शिकविलें. माझ्या हाताखालून गेलेल्या शेंकडों मुलांस डॅनियलच्या घटाची आकृति काढतां येते, नर्न्स्टचें समीकरण तोंडपाठ येतें. त्यांतील एकानेंही नाण्याएवढा लिथियमचा घट स्वतःच्या हातानें बांधून, तो शंभर वेळां भरून व रिकामा करून, तो कां मरतो याचा शोध घेतलेला नाहीं. कारण तो प्रश्न परीक्षेंत येत नाहीं आणि मींही तो कधीं वर्गांत आणिला नाहीं. चीनवर आरोप करण्यापूर्वीं हा कबुलीजबाब देणें मला प्राप्त आहे.

उपाय अज्ञात नाहींत. नगरपालिकांच्या व राज्यांच्या बसगाड्यांची मागणी दहा वर्षांसाठीं आधीं जाहीर करावी व सरकार बदललें तरी ती मोडूं नये. खाणीच्या बातम्यांआधीं शुद्धीकरणाचे कारखाने काढावेत. अनुदान बोलीच्या कागदावर न देतां बाहेर पडलेल्या निर्दोष घटावर द्यावें. जो कारखाना बुडेल त्यास बुडूं द्यावें, पण त्यांतील शिकलेलीं माणसें दुसऱ्यानें उचलावींत. आणि प्रत्येक विज्ञान-महाविद्यालयांत घट बांधण्याचें एक टेबल असावें. यांतील शेवटचें काम दिल्लीच्या परवानगीवांचून होण्यासारखें आहे. येत्या जूनपासून आमच्या प्रयोगशाळेंत तें आरंभण्याचें मीं ठरविलें आहे. पहिले घट बहुधा फुगतील, दुसरे मरतील. मुलें विचारतील, "सर, चुकलें कोठें?" त्या प्रश्नाला उत्तर शोधीत बसणें हेंच ज्ञान, चिनी माणूस तीस वर्षें तेवढेंच करीत आला आहे. पुढच्या व्याख्यानमालेंत कोणी अगस्त्यांचें नांव घेतलेंच, तर त्या मुलांनीं बांधलेला एक घट खिशांतून काढून टेबलावर ठेवण्याचा माझा विचार आहे. त्यास टाळ्या पडोत वा न पडोत.